लिनक्स बसवताना यादी आटोपशीर हवी

जुन्या संगणकाला नवे आयुष्य देणाऱ्या या प्रणालीत सुमारे ७० हजार पॅकेजेस उपलब्ध आहेत. त्यातील आपल्या कामाची कोणती, हे ठरवण्याची पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची

मोताळा : बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरच्या दिशेने निघाले की मोताळा लागते. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यातील तालुक्याच्या गावांना संगणकाची नवलाई आता राहिलेली नाही. शाळा, सरकारी कचेऱ्या, बँका, झेरॉक्सची दुकाने अशा सर्व ठिकाणी तो केव्हाच पोहोचला. आता प्रश्न आहे तो जुन्या झालेल्या संगणकांचा. विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय असलेले यंत्र लागते. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले बहुतेक संगणक या कसोटीला उतरत नाहीत. ते भंगारात घालायचे, असुरक्षित अवस्थेत वापरत राहायचे, की त्यांच्यावर लिनक्स बसवायचे, असे तीन मार्ग उरतात.

तिसरा मार्ग विनामूल्य आणि कायदेशीर आहे. तरीही त्या वाटेने गेलेले अनेकजण अल्पावधीतच परत फिरतात. ‘संगणक आणखीच मंदावला’, ‘मराठी लिहिता येत नाही’, ‘प्रिंटर चालत नाही’ या त्यांच्या तक्रारी असतात. त्यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ लिनक्समध्ये नसून, ते बसवताना केलेल्या किंवा न केलेल्या निवडीत असते. ही निवड नेमकी कशाची आणि ती कोणत्या निकषावर करावी, हे समजून घेतले तर पुढचा मनस्ताप टळतो.

पॅकेज म्हणजे काय?

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली जे लिहिले, तो लिनक्सचा केवळ गाभा होता. यंत्राचे भाग आणि आज्ञावल्या यांच्यात दुवा साधणे हे त्या गाभ्याचे काम. पत्र लिहिणे, चित्र पाहणे, इंटरनेटवर जाणे ही कामे तो करत नाही. त्यासाठी जगभरातील असंख्य लोकांनी स्वतंत्रपणे आज्ञावल्या लिहिल्या आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ‘ग्नू’ प्रकल्प हा त्यातील पायाचा दगड होय. गाभा आणि या आज्ञावल्या एकत्र बांधून, तपासून, बसवण्यायोग्य स्वरूपात देणाऱ्या संचाला ‘वितरण’ म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही अशा वितरणांची नावे आहेत. केंद्र सरकारच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने भारतीय भाषांचा विचार करून २००७ मध्ये आणलेले ‘बॉस’ हे वितरणही डेबियनवरच आधारलेले आहे.

वितरणातील प्रत्येक आज्ञावली एका गाठोड्यात बांधलेली असते. हे गाठोडे म्हणजे ‘पॅकेज’. आज्ञावलीच्या फाइली, ती कोठे ठेवायची याची सूचना आणि तिला आणखी कोणाची गरज आहे याची नोंद, असे सारे त्यात असते. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत अशी ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. ही सर्व बसवणे शक्य नाही आणि कोणाला तशी आवश्यकताही नसते. त्यामुळे निवड ही करावीच लागते. आपण केली नाही, तर वितरण तयार करणाऱ्यांनी ‘सर्वसाधारण वापरणारा’ डोळ्यांसमोर ठेवून केलेली निवड आपोआप लागू होते. तो सर्वसाधारण वापरणारा मोताळ्यातील शाळेचा मुख्याध्यापक असेलच असे नाही.

गिरणी आणि तिचा सरंजाम

एक पॅकेज निवडले की त्याच्यासोबत दहा-वीस पॅकेजेस येतात, हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. याचे कारण परस्परावलंबनात आहे. गावात पिठाची गिरणी घालायची असे ठरले, की जात्याबरोबर मोटर आणि वीजजोडणी आलीच. त्यांच्यावाचून गिरणी फिरणारच नाही. पॅकेजच्या भाषेत या झाल्या ‘अनिवार्य गरजा’. धान्य तोलण्याचा काटा नसला तरी गिरणी फिरेल, पण धंदा नीट चालणार नाही. ही झाली ‘शिफारस’. शेजारी मिरची कांडण्याचे यंत्रही असावे, ही केवळ ‘सूचना’.

डेबियन आणि तिच्यावर आधारित वितरणांत प्रत्येक पॅकेजच्या नोंदीत हे तीन प्रकार वेगवेगळे लिहिलेले असतात. अनिवार्य गरजा टाळता येत नाहीत. शिफारशी नेहमीच्या रचनेत आपोआप बसतात, मात्र त्या नाकारण्याची सोय असते. सूचना आपण मागितल्याशिवाय येत नाहीत. साठवण अगदीच अपुरी असेल तर शिफारशी नाकारून जागा वाचवता येते. तथापि पहिल्यांदाच लिनक्स बसवणाऱ्याने तो मोह टाळलेला बरा. काटा नसलेल्या गिरणीप्रमाणे आज्ञावली सुरू तर होते, पण आवाज येत नाही किंवा छपाई होत नाही, आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवस जातो. बचत करायची ती शिफारशी तोडून नव्हे, तर मुळात अनावश्यक गिरण्याच न घालून.

‘सगळेच घ्या’चे दिवस

इंटरनेट दुर्मिळ होते, त्या काळात लिनक्स आपल्याकडे मुख्यतः सीडीवरून येत असे. ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने आपल्या अंकासोबत लिनक्सच्या सीडी देऊन भारतातील अनेकांना या प्रणालीची पहिली ओळख करून दिली. २००३ पासून निघू लागलेल्या ‘लिनक्स फॉर यू’नेही ही परंपरा चालवली. त्या काळच्या रेड हॅट लिनक्समध्ये बसवताना पॅकेजचे गट दिसत आणि यादीच्या शेवटी ‘सर्व काही’ असाही एक पर्याय असे. नंतर काही लागले तर ते मिळवायचे कोठून, या धास्तीने अनेकजण तोच निवडत. नंतर डाऊनलोड करण्याची सोय नसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यात काही गैरही नव्हते.

आता चित्र बदलले आहे. एखादे पॅकेज नंतर हवे झाले तर बहुतेक ठिकाणी ते काही मिनिटांत मिळते. उलट जास्तीच्या पॅकेजेसचा भार मात्र कायमचा असतो. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजच्या सुधारित आवृत्त्या अधूनमधून येत राहतात आणि त्या उतरवाव्या लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्याला हा खर्च डेटाच्या रूपाने मोजावा लागतो. कधीही न उघडलेल्या खेळांच्या आणि न वापरलेल्या साधनांच्या सुधारणांसाठी दिवसाचा डेटा संपवण्यात अर्थ नाही.

निवडीचा पडदा

निवडीची पद्धत प्रत्येक वितरणात वेगळी आहे. लिनक्स मिंटमध्ये बसवताना पॅकेजची यादी समोर येतच नाही. संपूर्ण संच जसाच्या तसा संगणकावर उतरवला जातो. तेथे निवड करायची ती आधीच, म्हणजे सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई यांपैकी कोणती आवृत्ती डाऊनलोड करावी हे ठरवताना. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीत ‘नेहमीची निवड’ आणि ‘विस्तारित निवड’ असे दोन पर्याय दिसतात. पहिल्यात ब्राउझर आणि जुजबी साधने मिळतात, तर दुसऱ्यात कार्यालयीन कामाच्या आज्ञावल्यांसह आणखी बरेच काही. फेडोराच्या नेहमीच्या डेस्कटॉप संचात निवड नसते, पण नेटवर्कवरून बसवण्याच्या ‘एव्हरीथिंग’ संचात गटवार निवड करता येते.

सर्वांत स्पष्ट निवड डेबियनमध्ये असते. भाषा, वेळ, साठवणीचे विभाजन हे टप्पे पार पडले आणि पायाभूत प्रणाली बसली, की एक छोटी यादी पडद्यावर येते. त्यात आठ प्रकारचे डेस्कटॉप, वेब सर्व्हर, एसएसएच सर्व्हर आणि ‘नेहमीची साधने’ अशा ओळी असतात. प्रत्येक ओळीपुढे खुणेचा चौकोन असतो. येथील प्रत्येक ओळ म्हणजे एक पॅकेज नसून पॅकेजेसचा गट असतो. म्हणूनच येथे एक खूण जास्त किंवा कमी पडली तरी मोठा फरक पडतो.

पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय डेस्कटॉपचा. डेस्कटॉप म्हणजे संगणक सुरू झाल्यावर दिसणारा दर्शनी भाग : खिडक्या, याद्या, चिन्हे. काहीही न बदलता पुढे गेल्यास डेबियन ‘ग्नोम’ हा डेस्कटॉप बसवते. तो देखणा आहे, पण त्याला मेमरी अधिक लागते. डेबियनच्या मार्गदर्शिकेत डेस्कटॉपसाठी किमान १ जीबी, शक्यतो २ जीबी मेमरी आणि १० जीबी साठवण सांगितली आहे. तथापि आजचा ब्राउझर एकटाच बरीचशी मेमरी खातो. त्यामुळे २ ते ४ जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर ‘एक्सएफसीई’ किंवा ‘एलएक्सक्यूटी’ हे हलके डेस्कटॉप घेणे शहाणपणाचे. ८ जीबी मेमरी असेल तर ग्नोम किंवा ‘केडीई प्लाझ्मा’ निर्धास्तपणे घ्यावा. दोन-तीन डेस्कटॉप एकदम निवडण्याची चूक मात्र करू नये. ते एकत्र नांदतात, पण प्रत्येकाचा वेगळा फाइल-व्यवस्थापक, वेगळा लेखन-संपादक, वेगळ्या मांडण्या येतात आणि एकाच कामाच्या तीन-तीन आज्ञावल्या यादीत दिसू लागतात. शाळेतील विद्यार्थ्यांचा त्याने गोंधळ होतो.

संगणक फारच जुना असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासावी. ३२-बिट प्रोसेसरच्या संगणकांसाठी डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत बसवण्याचा संच दिलेला नाही. उबुंटू आणि फेडोरा यांनी तर ही वाट त्याआधीच सोडली होती.

मराठी आपोआप येत नाही

निवडीच्या पडद्यावर जे दिसत नाही, पण मराठी वाचकाच्या दृष्टीने जे सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे भाषेची पॅकेजेस. लिनक्समध्ये मराठी आहे आणि चांगली आहे. या शतकाच्या प्रारंभी मुंबईतून सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ या उपक्रमाने भारतीय भाषांतील लिनक्सचा पाठपुरावा केला. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हा भारतीय लिपींचा टंकसमूह मुक्त परवान्यावर खुला केला. ‘लोहित’ म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातील लाल टोपीची ही संस्कृत आठवण. या टंकांची पुढची निगा राखण्यात कंपनीच्या पुण्यातील भाषाविषयक चमूचा मोठा वाटा राहिला. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून वेगळी असतात, याचीही दखल या टंकांत घेतलेली आहे.

डेबियन बसवताना पहिल्याच पडद्यावर भाषा म्हणून मराठी निवडली, तर मराठीची पॅकेजेस पुढे आपोआप यादीत येतात. पण बहुतेकजण सवयीने इंग्रजी निवडतात, आणि तेथेच चूक होते. इंग्रजी निवडल्यास मराठीचा गट बसत नाही. मराठी मजकूर वाचता येतो, कारण देवनागरीचा एखादा टंक दुसऱ्या पॅकेजसोबत आलेला असतो. लिहायला बसल्यावर मात्र अडते. ज्यांना पडद्यावरील आज्ञा इंग्रजीतच हव्यात, त्यांनी पुढील चार गोष्टी आठवणीने स्वतंत्रपणे मागवाव्यात : देवनागरी टंक, ‘आयबस’ ही लेखनव्यवस्था आणि तिचा ‘एम१७एन’ हा जोड, लिबर ऑफिसचा मराठी भाषा-संच, आणि फायरफॉक्सचा मराठी भाषा-संच.

‘आयबस’मध्ये इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी अशा दोन्ही पद्धतीच्या कळपाट्या मिळतात. टंकलेखन यंत्राच्या जुन्या मांडणीवर हात बसलेल्यांनी आपली मांडणी त्या यादीत आहे का, हे आधी पाहून घ्यावे. सर्व बसवून झाल्यावर एक छोटी परीक्षा घ्यावी. ‘ज्ञानेश्वर, श्रद्धा, तऱ्हा, दुसऱ्या, वाङ्मय, ॲप, ऑफिस’ एवढे शब्द लिहून आणि छापून पाहावेत. हे नीट उमटले तर मराठीची व्यवस्था चोख आहे असे समजावे.

एक अडचण मात्र कोणतेही पॅकेज दूर करू शकत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी यांसारख्या टंकांत लिहिला जाई. तेथे अक्षराचा संकेत इंग्रजीचा आणि दिसणारे चित्र मराठी, असा मामला होता. तो टंक नसलेल्या संगणकावर, मग तेथे विंडोज असो वा लिनक्स, असा मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. जुने दप्तर अशा टंकांत असेल तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्याचे काम प्रणाली बदलण्याच्या आधी करावे, नंतर नव्हे.

इंटरनेट कच्चे असेल तर

‘आधी थोडे बसवा, लागेल ते नंतर घ्या’ हा सल्ला शहरात बिनदिक्कत देता येतो. जेथे इंटरनेट रखडत चालते किंवा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतच नाही, तेथे त्याला मुरड घालावी लागते. डेबियनचा छोटा ‘नेटइन्स्ट’ संच घेतला तर त्यात केवळ पायाभूत प्रणाली असते. डेस्कटॉपसह बाकी सारे बसवताना नेटवर उतरवावे लागते. ती जोडणी मधेच तुटली तर काळ्या पडद्यावर केवळ नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी प्रणाली हाती येते. अशा ठिकाणी डेबियनचा पहिला डीव्हीडी-संच आधीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावा. डेस्कटॉप आणि नेहमीच्या वापराच्या आज्ञावल्या त्यात असतात आणि त्या इंटरनेटवाचून बसतात.

वाय-फायचा प्रश्न पूर्वी फार छळत असे. अनेक वाय-फाय कार्डांना लागणाऱ्या आज्ञावल्या मुक्त परवान्याच्या नसल्याने डेबियनच्या अधिकृत संचात त्या दिल्या जात नसत. इंटरनेटसाठी आज्ञावली हवी आणि आज्ञावलीसाठी इंटरनेट हवे, असा तिढा पडे. डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदानाने धोरण बदलले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या अधिकृत संचातच समाविष्ट झाल्या. तरीही यंत्र आणि वितरण यांचे जमते की नाही, हे बसवण्याआधी ‘लाइव्ह’ पद्धतीने तपासावे. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून वाय-फाय, आवाज, पडदा आणि प्रिंटर चालवून पाहता येतात. हार्ड डिस्कवरील मजकुराला त्यात धक्का लागत नाही.

जास्तीची दारे, जास्तीची राखण

पॅकेजेस कमी ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण सुरक्षिततेचे आहे. घराला जितकी दारे अधिक, तितकी राखण अधिक. वेब सर्व्हर किंवा एसएसएच सर्व्हर यांसारखी पॅकेजेस नेटवर्कवरून येणाऱ्या हाकेला ओ देण्यासाठी सतत जागी असतात. ज्याला दुसऱ्या संगणकावरून हे यंत्र चालवायचे आहे, त्याला एसएसएच सर्व्हर हवाच. घरच्या किंवा वर्गातील संगणकावर मात्र, नावे ओळखीची वाटतात म्हणून या चौकोनांत खूण करणे म्हणजे विनाकारण दार उघडे ठेवणे होय.

परस्परावलंबनाची साखळी किती दूरवर जाऊ शकते, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. फाइली आटवून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साध्या पॅकेजमध्ये कोणीतरी गुप्त चोरवाट घुसवली होती. एसएसएच सर्व्हरला मूळात या पॅकेजची गरज नाही. पण काही वितरणांनी त्याला दुसऱ्या एका घटकाशी जोडले होते, तो घटक ‘एक्सझेड’वर अवलंबून होता आणि त्या वाटेने चोरवाट थेट मुख्य दारापर्यंत पोहोचली. एसएसएचने आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले. त्याने माग काढला आणि २९ मार्च रोजी ही बाब उघड केली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पॅकेज पोहोचलेले नव्हते; चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच ते गेले होते. या प्रकरणातून सामान्य वापरणाऱ्याने दोन धडे घ्यावेत. नव्याच्या हव्यासाने चाचणीच्या आवृत्त्या रोजच्या कामाच्या यंत्रावर बसवू नयेत. आणि जे लागत नाही ते ठेवू नये, कारण प्रत्येक पॅकेज आपल्यासोबत आणखी कोणावर तरी विश्वास ठेवायला लावते.

याच कारणाने पॅकेजेस वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावीत. कोठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेल्या आज्ञावलीच्या सुधारणा आपोआप येत नाहीत आणि तिची तपासणी कोणी केली, हेही कळत नाही.

तीन ठिकाणे, तीन याद्या

निवडीचा निकष एकच : या यंत्रावर कोण, कोणते काम करणार? उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातील तीन ठिकाणे घेता येतील.

शाळेची प्रयोगशाळा : एक्सएफसीई डेस्कटॉप, मराठीचा संपूर्ण गट, फायरफॉक्स, लिबर ऑफिस. त्याला जोड म्हणून लहान मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’, आकाशदर्शनासाठी ‘स्टेलारियम’ आणि रसायनशास्त्रासाठी ‘काल्झियम’. एवढे पुरे. प्रथम एकच संगणक मनासारखा सिद्ध करावा, बसवलेल्या पॅकेजेसची यादी फाइलीत उतरवून ठेवावी आणि तीच यादी इतर संगणकांवर लागू करावी. सर्व यंत्रे एकसारखी असली की शिकवणे आणि दुरुस्ती दोन्ही सोपे होते. शिक्षकांसाठी मुंबईच्या आयआयटीने तयार केलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ उपयोगी आहेत. लिनक्स, लिबर ऑफिस आणि इतर मुक्त आज्ञावल्यांचे हे ध्वनिचित्र पाठ मराठीतही असून विनामूल्य मिळतात.

झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान : येथे छपाईची व्यवस्था सर्वांत आधी पाहावी. ‘कप्स’ ही छपाईची मूळ यंत्रणा असून एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी ‘एचपीलिप’ हे पॅकेज आहे. इतर प्रिंटरांबाबत आपले मॉडेल चालते का, हे आधी तपासावे. लग्नपत्रिका, फलक यांसाठी ‘इंकस्केप’, छायाचित्रांसाठी ‘गिम्प’ आणि पानांच्या मांडणीसाठी ‘स्क्रायबस’ आहे. मात्र कोरल ड्रॉमधील जुन्या फाइली पूर्ववत उघडतीलच असे नाही. बोटांच्या ठशांची यंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांसाठी लागणाऱ्या आज्ञावल्याही पुष्कळदा विंडोजपुरत्याच असतात. अशी कामे असलेल्या दुकानदाराने सर्व यंत्रे एकाच वेळी बदलू नयेत. एक यंत्र त्या कामांसाठी राखून बाकीच्यांवर लिनक्स बसवावे.

घरचा संगणक : हलका डेस्कटॉप, ब्राउझर, लिबर ऑफिस, चित्रपट-गाण्यांसाठी ‘व्हीएलसी’ आणि मराठीचा गट. घरातील विद्यार्थी संगणकशास्त्राचा असेल तर त्याला लागणारी साधने तो स्वतः नंतर घेईल. तो त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

घालणे सोपे, काढणेही सोपे

ही निवड अंतिम नसते, याचाही विसर पडू नये. ‘सिनॅप्टिक’सारख्या साधनातून पॅकेजची यादी पाहून, नाव शोधून ते घालता किंवा काढता येते. पॅकेज काढल्यावर त्याच्यासोबत आलेला सरंजाम मागे राहतो. आता कोणालाच न लागणारी अशी पॅकेजेस एकदम काढून टाकण्याची आज्ञाही डेबियन आणि उबुंटूमध्ये आहे. मात्र काढताना पडद्यावर येणारी यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये. नको असलेला एक छोटा खेळ काढायला जावे आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचा अर्धा भाग निघून जावा, असे घाईत होऊ शकते. यादी अनपेक्षितपणे लांबलचक दिसली तर तेथेच थांबावे.

बसवण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात. यंत्राची मेमरी किती आणि प्रोसेसर ३२-बिट की ६४-बिट. त्यावर रोज होणारी कामे कोणती. मराठी लिहिण्याची पद्धत कोणती. प्रिंटर आणि इतर जोडयंत्रे कोणती. इंटरनेट कसे आणि किती. जुना मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला, की मगच सुरुवात करावी. निवडीचा पडदा समोर आल्यावर या कागदातील ओळींना जे लागते, त्याच चौकोनात खूण करावी. ज्या चौकोनाचे कारण कागदावर सापडत नाही, तो मोकळा सोडावा. एवढी शिस्त पाळली तर भंगाराच्या वाटेवर असलेला संगणक शाळेच्या आणखी काही तुकड्यांच्या उपयोगी पडेल, आणि चोरीच्या प्रणालीचा आधार घेण्याची वेळही कोणावर येणार नाही.